मास्तरांच्या रंगावर उभी गाडी

अण्णा, गाडी अजून आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर आधी तेच विचारलं असतंत. माझी, जावयाची, नातवंडांची चौकशी मग, तीही बॉनेटवर हात ठेवून. यंदा तिला पुन्हा पासिंगला न्यायची होती. तुमच्या जावयांनी जेवता जेवता निकाल देऊन टाकला, "भंगारात दे आणि मोकळी हो. तुझे गुडघे तरी वाचतील." गुडघ्यांचं खरं आहे. तुम्ही बुटके, स्टिअरिंग छातीशी धरून गाडी चालवायचात, जणू कुणी हिसकावून नेईल. मी उंची घेतली आईची. तुमच्यानंतर गाडी माझ्याकडे आली आणि सीट तुम्ही ठेवलीत तिथेच राहिली, ती सरकायची रेल गंजून जाम झालीय म्हणून. त्यामुळे मी साताऱ्यात फिरते ती गुडघे डॅशबोर्डला टेकवून, बसलेल्या उंटासारखी. तर मी जावयांना म्हटलं, पास झाली नाही तर भंगारवाल्याला फोन मीच करीन. असं ताडकन बोलून टाकायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. बोलून झाल्यावर मी गाडी घेऊन रहिमतपूर गाठलं. तुमच्याच अंगणात ती लावली, खाली जुनी सतरंजी पसरली. पन्नाशीची बाई गाडीखाली डोकं घालून आडवी झालेली बघून गल्लीतल्या सगळ्यांना एकदम आपल्या दारासमोर पाणी मारायची आठवण झाली.

वरून पाहिलं तर काळजीचं काही नव्हतं. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली, तर तळ निळा, तुकतुकीत, तुमच्या हातचा. सहज म्हणून स्क्रूड्रायव्हर टेकवला, दाबलासुद्धा नाही, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि भोकातून अंगणातली फरशी दिसली. कोपऱ्यावर गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर आहे, तुमच्या हाताखाली चित्रकलेत काठावर पास झालेला, त्याला हाक मारली. त्यानं वाकून बघितलं, नखानं एक पोपडा उचलला, उन्हात धरला.

"ताई, ह्यो पत्रा न्हाई. पत्रा कवाच गेलाय. ही नुसती रंगाची साय हाय."

"मग इतकी वर्षं माझे पाय कशावर होते?"

"मास्तरांच्या रंगावर," तो म्हणाला. "आवं, थरावर थर हाय. गाडी रंगावरच उभी हाय."

सांगलीच्या एका डॉक्टरांकडून तुम्ही ही गाडी जुनी घेतलीत, तीसुद्धा रंग बघून. बरोबर नेलेला मेकॅनिक बिचारा इंजिनाला कान लावून बसला होता आणि तुम्ही लांब उभं राहून, डोळे बारीक करून, वर्गातल्या फुलदाणीकडे बघावं तसे गाडीकडे बघत होता. "असला निळा डब्यात मिळत न्हाई," एवढं म्हणालात आणि सौदा झाला. मग तो निळा राखणं हेच तुमच्या निवृत्तीचं काम झालं. रविवारची सकाळ आहे. आई शेंगदाण्याची चटणी कुटतेय. तुम्ही ओट्यापाशी उभे, हातात स्टीलची वाटी, वाटीत पांढरा, त्यात निळा, काळ्याचं बोट, पिवळ्याचा एकच थेंब. आई वळून बघते.

"आवं, ती वाटी चटणीची हाय!"

"व्हय. मग?"

"मग जेवताना काय खाणार, बॉनेट?"

"रॉकेलनं घासून देतो की."

"द्या, आन् तुमीच खावा त्यातलं."

तुम्ही तोवर अंगणात पोचलेलेही. बोटानं एक ठिपका दारावर लावायचात आणि कट्ट्यावर बसून राहायचात. मी घाई केली की म्हणायचात, "ओला रंग खोटं बोलतो. वाळू दे." वाळला की तो ठिपका दारावर शोधून सापडायचा नाही. गंजाचा डाग जिथे होता तिथे गाडी पुन्हा अखंड निळी. फक्त एक गोष्ट तुम्ही कधी केली नाहीत. गंज खरवडला नाहीत. फडक्यानं पुसला, वर रंग दिला. खरवडलं की भोक दिसतं, आणि दिसलेलं भोक तुम्हाला बघवायचं नाही, शाळेतलंही, घरातलंही. मी किती वेळा म्हटलं, अण्णा, खालून खातंय ते वरच्या रंगानं थांबत नाही. तुम्ही ब्रश पुसत राहायचात.

एकदाच उत्तर दिलंत. पेपरातल्या माझ्या तिरकस सदरात तो गावोगावच्या सत्कारांवरचा लेख छापून आला होता, शाली पांघरणाऱ्यांचा आणि पांघरवून घेणाऱ्यांचा. त्यात तुमचे जुने मुख्याध्यापक नाव न घेताही लख्ख ओळखू येत होते. मला आणायला तुम्ही एसटी स्टँडवर आला होता. गाडी सुरू न करता पेपर स्टिअरिंगवर पसरून तो सगळा वाचलात. दोन ठिकाणी हसलात, ते मी बघितलं. मग पेपरची नीट घडी घातलीत आणि म्हणालात, "खरवडायला झ्याक येतंय तुला. खरवडल्यावर वर काय लावायचं, ते कवा शिकणार?" मी म्हटलं, "आधी लोकांना गंज तर दिसू दे." तुम्ही किल्ली फिरवलीत. माझ्या व्यवसायाचं याहून नेमकं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही, आणि मला नावं ठेवणाऱ्यांची काही टंचाई नाही.

मग मी खरवडलं. आई पायरीवर बसून होती. "तुझ्या बापानं एवढं खरवडलं न्हवतं कवा," म्हणाली. त्यात तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. पत्रा खालून गेला असता तर चिखलानं गेला म्हटलं असतं, पण हा वरून, आतल्या बाजूनं गेला होता. म्हणजे पाणी आत येत होतं. माग काढत काढत काचेखाली वायपरपाशी जाळी असते तिथे पोचले. पावसाचं पाणी तिथून एका भोकातून खाली निघून जायला हवं. ते भोक बुजलेलं. केसातली पिन वाकवून आत घातली, तर काळा लगदा निघाला. आणखी ओढलं, तर दोरा आला, न कुजलेला, लांबच लांब. त्याला चिकटून आपट्याच्या पानाची जाळी. अण्णा, तो झेंडू होता. तुमच्या सगळ्या दसऱ्यांचा. हार वायपरमध्ये अडकवायचात आणि कुणाला काढू द्यायचा नाहीत. "वाळून पडंल आपसूक. देवाचं उपसायचं नसतं." पडला तो, आपसूक, थेट भोकात. म्हणजे वर्षातून एकदा पूजा करून तुम्हीच गाडीत पाणी सोडत होता आणि उरलेलं वर्षभर ते रंगानं झाकत होता. आधीची मी असते तर यावर फक्कड लेख लिहिला असता. तो लगदा हातात घेऊन मी पायरीवर आईशेजारी बसले. तिनं वास घेतला. "मातीच झाली की गं," म्हणाली आणि उठून तुळशीत टाकून आली.

वेल्डरनं सीट काढून ठेवली, कुजका तळ कापला आणि नवा पत्रा लावून दिला. बाकीचं मी केलं. तारेच्या ब्रशनं चांगला पत्रा लागेपर्यंत घासलं, दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड दिला, सांधे बुजवले, खालून काळा लेप फासला. दारांच्या तळाची भोकं त्याच पिनेनं मोकळी केली. वर काय लावायचं, ते इतक्या उशिरा शिकले. एका दारावरचा गंजही घासला होता, फक्त त्या दाराचा रंग हुकला. साताऱ्यातल्या दुकानात मशीननं जुळवून दिला, तो वाळल्यावर शेजारच्या घरातला वाटला. मग मी आईकडून ती वाटी मागितली. काठाला अजून तुमची निळी रेघ आहे. आईनं चटणीला ती पुन्हा वापरली नाही, आणि मोडीतही काढली नाही. पांढरा, निळा, काळ्याचं बोट, पिवळ्याचा थेंब. ठिपका लावला, कट्ट्यावर बसले, वाळू दिला. तो आपला ठिपकाच राहिला. दहा पावलांवरून दिसतो.

पासिंगच्या दिवशी अधिकाऱ्यानं तळावर बुटानं तीनदा दणका दिला. माझा जीव त्या बुटाखाली होता. "तळ नवा केलाय. काम चांगलं झालंय," तो म्हणाला. "पण बाई, दाराचा रंग काही जुळला नाही." मी मान हलवली आणि कागद घेतले.

जावयांना फोन केला. "पास झाली? मग आता तरी सीट मागं घे बाई, रेल दुरुस्त करून घे." बघू म्हटलं.

हा कागद कुठे टाकायचा नाही. टाकणार तरी कुठल्या पेटीत. पण एक सांगायचं राहिलं. रेल जाम नाही. वेल्डरनं सीट काढली तेव्हाच मी ती घासून, ग्रीस लावून मोकळी केली. आता बोटानं सरकते. पासिंगहून येताना एकदा मागं घेतलीसुद्धा. पाय लांब केले, बरं वाटलं. मग पुढच्या वळणाआधी गाडी कडेला घेतली आणि सीट परत तुमच्या खाचेत नेऊन ठेवली.