खडूच्या थरांखालची व्हेरोनिका

लगूना, सोमवार

प्रिय सेल्मो,

एकतीस वर्षांनी लिहितेय, तर आधी खुशाली विचारावी, हे मलाही कळतं. पण जीव थाऱ्यावर नाही रे. आपली व्हेरोनिकाची मूर्ती मोडली. मीच मोडली, माझ्या या हातांनी. नाक गेलं, डावा गाल गेला, आणि पवित्र बुधवारची मिरवणूक सोळा दिवसांवर आलीय. तुझा चुलतभाऊ परवा सिंगापूरला तुझ्याच बोटीवर चढणार आहे, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर बोलायला गेले की नुसतं रडू फुटतं. तू ये. रजा काढ, साहेबाशी भांड, आजारपणाचं सोंग कर, पण ये. तुझ्या बायकोने हे वाचलं तरी वाचू दे, यात लपवण्यासारखं आता काही उरलं नाही.

तू म्हणशील, गावात घरटी एक मूर्तिकार, मग माझ्याच मागे का लागलीस? सगळ्यांचे उंबरे झिजवून झाले. एक म्हणाला, "मावशी, फायबरचा साचा बसवतो, तीन दिवसांत काम फत्ते." दुसऱ्याने चेहरा कोरूनच आणला. लांब नाक, बारीक ओठ, स्पेनची राणी जशी काही! म्हटलं, ही बया आमच्या घरातली नव्हे. तर म्हणतो, "मग फोटो द्या." फोटो कुठून देऊ? त्या मोठ्या वादळाच्या वर्षी तळं घरात शिरलं ते चार महिने हललं नाही, माझ्या तरुणपणाचे सगळे फोटो तेव्हाच चिखलात गेले. तो चेहरा आता फक्त तुझ्या हातांना ठाऊक आहे. आणि तू तिकडे लोकांच्या जेवणाच्या टेबलांवर बर्फाचे हंस कोरतोस, संध्याकाळपर्यंत पाणी होणारे. हे ऐकलं त्या दिवशी मला घास गेला नव्हता.

तू तिचा चेहरा कोरलास ते वर्ष विसरला असशील असं वाटत नाही. मूर्तीचं अंग कुणीही कोरावं, चेहरा मात्र गुरूनेच, ही तातयची, माझ्या बापाची, रीत. पोटच्या पोरीलाही, म्हणजे मलाही, त्यांनी रंगापलीकडे काही करू दिलं नाही. पण व्हेरोनिकाचा चेहरा त्यांनी तुला दिला. तू तीन आठवडे बातिकुलिंगच्या त्या लाकडाला चिकटून होतास, खरखरीत पानांनी तिचे गाल घासत बसायचास. मी मागे बसून रंग घोटायचे. नंतर अंगाचा रंग मी चढवला, ओठ मी रंगवले, आणि मूर्ख मी, मला काही म्हणजे काही कळलं नाही! बुधवारी चौकात दोरी ओढली तशी व्हेरोनिकाची मूर्ती येशूचं तोंड पुसायला पुढे वाकली, मेणबत्त्यांचा उजेड तोंडावर पडला, आणि आमची पुरा आत्या भर गर्दीत ओरडली, "अगो बाई, ही तर आपली फिदेला! सकाळी माझ्याशी माशांच्या भावावरून कचाकचा भांडली, आणि मी हिच्यापुढे गुडघे टेकले!" सगळा चौक हसला. पाद्रीबाबाही हसले.

तातय हसले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "संताच्या लाकडावर जित्या पोरीचं तोंड? तासून काढ." तू म्हणालास, "मास्तर, आपल्या बायका अशाच दिसतात. चपटं नाक, रुंद गाल. येशूचं तोंड पुसायला आपल्यातली कुणी का नको?" त्यांनी तुझी हत्यारं अंगणात फेकली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी दारात उभी होते, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तू हत्यारं उचलून गाव सोडलंस, आणि माझ्या त्या गप्पपणाची लाज मला आजही वाटते.

चेहरा तासायचं मग माझ्यावर आलं, पण माझा हात धजला नाही. मी वरून खडू आणि सरसाचा लेप दिला, नाक उंच केलं, गाल दाबले. दर वर्षी उपासाचे दिवस आले की आणखी एक थर. बापाचा शब्द राहिला, तुझं कामही आत शाबूत राहिलं, असं मी मनाशी म्हणायचे. मोठी शहाणी समजायचे मी स्वतःला!

आता खरं सांगते. मिरवणूक गेली खड्ड्यात. नाताळपासून तातय मला ओळखत नाहीत. मी भात कालवून भरवते, तर हात जोडून म्हणतात, "बाई, फार केलंत, आता घरी जा, तुमची माणसं वाट बघत असतील." गेल्या महिन्यात मूर्ती पुसताना गालावरचा टवका उडाला आणि आतला जुना रंग दिसला. तातय शेजारी बसले होते. त्यांनी बोट लावलं आणि म्हणाले, "फिदेला." सेल्मो, दोन महिन्यांनी माझं नाव ऐकलं मी! मग मला धीर कुठला? लेप भिजवून हळूहळू काढायचा असतो, हे मी जन्मभर इतरांना शिकवलं, आणि त्या दिवशी मी सरळ पटाशी घेतली. डोळे मोकळे झाले, कपाळ मोकळं झालं, तातय हसायला लागले, आणि पुढच्या घावाला नाक आणि गाल खाली पडले. आतून वाळवीने पोखरलं होतं. आता ते दिवसभर तिच्याजवळ बसतात आणि मला विचारतात, "बाई, माझ्या पोरीला कुणी मारलं हो?" मी त्यांच्या हाताच्या अंतरावर उभी असते. मी सांगते, तातय, मीच फिदेला. ते मान हलवतात आणि म्हणतात, "त्या सेल्मोला बोलवा. तिचा चेहरा त्याला ठाऊक आहे." बातिकुलिंगचा एक चांगला ओंडका मिळवून ठेवलाय. ये रे.

तेव्हा दारात गप्प राहिलेली,
तुझीच
फिदेला