गारंबीची बी

४ मे
टी.वाय.चे पेपर संपले एकदाचे. झाडांच्या प्रोजेक्टसाठी आहुप्यात आलो. जुन्नरहून एसट्या बदलत पोचेपर्यंत कंबर गेली. ज्यांच्याकडे उतरलोय त्या काकूंचा मुलगा सोपान मला देवराई दाखवणार. बावीसचा, माझ्याहून एका वर्षाने मोठा. हसताना आधी डोळे हसतात. (हे प्रोजेक्टमध्ये येणार नाही.)

६ मे
आज गाढवपणा केला. देवराईत गारंबीच्या वेलाची बी सापडली. तपकिरी, गुळगुळीत, कुंकवाच्या डबीएवढी. टाकली खिशात. घरी येऊन कौतुकाने दाखवली तर सो.चा चेहराच उतरला.
"निखिल, राईतली वाळकी काडीबी भाईर आणत न्हाईत आमी. देवाचं हाय ते. चल माघारी."
भर उन्हात परत गेलो. होती तिथेच ठेवायला लावली, वर हात जोडायला लावले. मग हसला. "आता झालास शाना." लाज वाटली, पण येताना दोघं रमतगमत आलो.

९ मे
मोजलेली झाडं: शून्य. दिवसभर हिरडा काढला. सो. झाडावर, मी खाली वेचायला. काकू म्हणतात, "पावणं, कालिजात ह्येच शिकिवत्यात व्हय?" दोघांची बोटं काळी झालीत. साबणाने जात नाहीत. न जावोत.

१३ मे
वहीपासून काय लपवायचं? मला सो. आवडतो. मित्र म्हणून नाही, तसा. असं आधी कुणाबद्दल झालं नव्हतं. सांगितलं आणि त्याने बोलणंच टाकलं तर? नाही सांगितलं तर जन्मभर चुटपुट. अठराला निघायचंय.

१६ मे
सांगितलं!! कड्यावर बसलो होतो, खाली कोकण. तीनदा घसा खाकरला.
"सर्दी झाली का रं?"
म्हटलं, तू मला लई आवडतोस. त्याने एक खडा कड्याखाली भिरकावला. मग माझा हात धरला. "मला ठावं व्हतं. पर माझं लगीच इचारू नगं. हितं..." हात मात्र सोडला नाही, काकूंची हाक येईपर्यंत.

१८ मे
सकाळी सो.ने एसटीत बसवून दिलं. "बरं हाय राव." एवढंच! शिनोलीपर्यंत तोंड पाडून बसलो. पाण्याची बाटली काढायला बॅग उघडली, तर टॉवेलात गारंबीची बी. काडीसुद्धा हलवू न देणारा हा बाबा! सोबत चिठ्ठी: "देवाला सांगून आणली हाय. माघारी ठिवायला तुलाच यावं लागंल."
एकटाच हसत सुटलो. शेजारच्या आजोबांनी पिशवी जवळ ओढून घेतली.

२० मे
आईला म्हटलं, परत आहुप्याला जायचंय.
"परवाच आलास की. आता काय राह्यलं?"
"एक वस्तू परत द्यायचीय."
"कुणाची?"
देवाची म्हणू की त्याची, ते अजून ठरलं नाही. बॅग भरली आहे.