फळीवरचे चाराणे

३ एप्रिल, रविवार. नायगाव
हे सकाळच्या एष्टीनं लातूरला गेले. नवा जिल्हा, नवं ऑफिस, वर दुष्काळाची कामं. कारकुनाला कसली सुट्टी! "जयंतीला नक्की येतो" म्हणाले. गाडी वळेपर्यंत धाकटा मिलिंद हात हलवत राहिला, मग माझ्याकडं बघून रडला. मी कोणाकडं बघून रडायचं?

५ एप्रिल
शाळा सकाळची. दुपार खायला उठते. गल्लीत बौद्धांचं घर आमचं एकच. दोन वर्षं झाली, दुपारचं कोणी टेकायला आलं नाही.
सुजाताला नाणी शिकवायला घेतली. लोकांची पोरं शिकवते, अन् आपली सहा वर्षांची पोरगी चाराणे-आठाणे ओळखेना, शोभतं का! पाच पैसे चौकोनी, दहाची कड नागमोडी, वीसला सहा कोपरे. डोळे मिटून बोटांनी ओळखले तिनं. तेवढ्यात मिलिंदनं पाच पैसे तोंडात घातले. बोट घालून काढले. घरात दुसरं माणूस पाहिजे.

७ एप्रिल
टँकर नाही. कालच्याच पाण्यात भागवलं. पत्र नाही.

८ एप्रिल
सुजाताला पहिल्यांदा एकटीला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. आठाणे दिले. चहाची पुडी पिशवीत, चाराणे मुठीत, अशी पळत आली. लई हुशार हाय माझी बाय! ह्यांना सांगावंसं वाटलं. सांगते कुणाला, भिंतीला?

१० एप्रिल, रविवार
दुकान-दुकान खेळले. सुजाता दुकानदार, पाट ही फळी, चिंचोके ही साखर. मिलिंदनं सुट्टे घ्यायला हात पुढं केला, तर हिनं नाणं वरून पाटावर सोडलं. "हात मागं घे. पडलं की उचलायचं."
म्हटलं, "अगं, हातात दे की त्याच्या."
"न्हाई आई, दुकानात असंच असतंय. पडलं की पटकन झाकायचं. परवा मी जरा बी घरंगळू दिलं न्हाई."
"सगळ्यांना असंच?"
"घरमालकीण काकूला हातात देतेत. म्हातारी हाय ना ती, तिला झाकता येत न्हाई."
केवढ्या अभिमानानं सांगून राहिली होती! मी चिंचोके गोळा केले. खेळ मोडला.

११ एप्रिल
मीच गेले दुकानात. मुद्दाम हात पुढं केला. "घ्या बाई," म्हणत त्यानं सुट्टे फळीवर ठेवले. आवाज कसा, एकदम अदबीचा. अन् मी उचलले! दोन वर्षं उचलतेच आहे. लक्षात आलं नव्हतं असं कसं म्हणू? लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं. संताप आला. त्याचा अन् माझापण.

१२ एप्रिल
पोरीला सांगावं की राहू द्यावं? सांगितलं तर उद्यापासून समोरच्या प्रत्येक हाताकडं ती संशयानं बघणार. नाही सांगितलं तर खेळ समजून जन्मभर उचलत राहणार.
ह्यांना पत्र लिहायला बसले. तब्येत, पाणी, मिलिंदचा खोकला... पुढं सरकेना. शेजारी बसले असते तर न सांगता कळलं असतं.

१४ एप्रिल
जयंती. हे आले नाहीत. टंचाईच्या कामामुळं रजा नाही, असा निरोप एकाच्या हाती आला. पांढरी साडी नेसले, पोरांना धुतलेले कपडे घातले, वंदनेला जाऊन आलो. खीर केली. सुजाता वाटी घेऊन काकूकडं गेली, मी मागं.
काकू म्हणाल्या, "ठेव ओट्यावर, घेते मी मग."
सुजातानं वाटी ठेवली. माझ्याकडं बघितलं. "आई, वाटी बी?"
घरी आल्यावर सांगून टाकलं. जेवढं सहा वर्षांच्या पोरीला सांगता येतं तेवढं. किती कळलं कोण जाणे. शेवटी म्हटलं, "हात पुढं करायचा. सुट्टे हातात दिले तरच घ्यायचे." खीर तशीच राहिली.

१६ एप्रिल, शनिवार
आज पण हे नाहीत.
चहा संपला होता. सुजाता म्हणाली, "मी जाते." नको म्हणणार होते, तोवर पिशवी घेऊन निघाली. मी दारातच उभी. किती वेळ लावला!
आली ती पुडी घेऊन. मूठ रिकामी.
"चाराणे तिथंच हायत, आई. मी हात पुढं केला. त्यांनी फळीवर ठेवले. मग मी न्हाई उचलले."
"काय म्हणाले?"
"उचल म्हणाले. मी हात तसाच धरला. लोक बघून राहिले होते. मग म्हणाले, आईला पाठव."
रडली नाही. मी जवळ घेतलं. शाबास म्हणावं तर भीती वाटते. ह्याच गल्लीत राहायचंय, एकटीनं, दोन लेकरं घेऊन.
साडी बदलली. केस विंचरले. आता हे लिहून राहिले, म्हणजे वेळ काढून राहिले. मिलिंदला चपला घालून सुजाता दारात उभी आहे. दोनदा विचारून झालं तिचं.
"आई, तू बी हात पुढं करशील ना?"