लांब्याची तारीख

१२ मार्च

प्रिय धाकट्या,

खुशाली, नमस्कार सगळं आधीच घे, आणि तुझी पत्रं फोडून वाचणाऱ्या जेलच्या साहेबांनाही माझा एक नमस्कार सांग. आम्ही इकडे ठीक. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासते आणि घरी येऊन नखांतली पांढरी पूड काढत बसते. आई तशीच आहे.

आता कॉम्प्युटरवरच्या त्या फुटबॉल गेममधल्या तुझ्या लाडक्या टीमची बातमी. आत जाताना "रोज लॉगिन कर, नाहीतर टीम काढून घेतील" एवढंच मला बजावून गेलास. मला ऑफसाइड म्हणजे काय हे अजून धड कळत नाही. पण ज्युनियर टीम आईने उभी केली, हे तुला ठाऊकच आहे. दर आठवड्याला गेम पंधरा वर्षांची तीन पोरं दाखवतो, त्यातलं एक घ्यायचं. आकडेबिकडे बघायचे नाहीत, तोंड बघायचं, हा तिचा नियम. "हा हडकुळा आहे, याला कुणी घेणार नाही, आपण घेऊ." अशी हडकुळ्यांची फौज जमली आहे आणि सलग सहा मॅच हरलो आहोत. चिडका परत लाल कार्ड खाऊन आला. तुझाच सख्खा भाऊ शोभतो.

एक वाईट बातमी आहे. आपला गोलकीपर लांब्या गेला. गेममधलं वर्ष बारा आठवड्यांत संपतं, आणि एकोणीस वर्षं पुरी व्हायच्या आत पोराला मोठ्या टीममध्ये घेतलं नाही तर ते आपोआप सुटतं. दोन तारखेला, रविवारी, दुपारी बाराच्या आत एक बटण दाबायचं होतं. राहून गेलं. असा गोलकीपर पुन्हा मिळायचा नाही, कळतंय मला. रागावू नकोस.

तुझ्या सुटकेला नऊच आठवडे उरलेत. मुकादमाचं डोकं फोडलंस ते फोडलंस, आता तिथे कुणाचं फोडू नकोस.

आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी ताई


२९ मार्च

धाकट्या,

काल तुझं पत्र आलं. जेमतेम दोन ओळी. "लांब्याच्या तारखेभोवती आईने कॅलेंडरवर लाल गोल केलाय, असं तूच जानेवारीत लिहिलं होतंस. मग ती कशी विसरली?"

ती विसरली नव्हती. आई गेली. त्याच रविवारी, सकाळी सव्वादहाला.

शनिवारी संध्याकाळी तिला दम लागला. शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी गाडी काढली, हॉस्पिटलात नेलं. सकाळी सातला डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा." तुझ्या जेलचा नंबर माझ्या पर्समध्ये होता. अशा वेळी दोन शिपाई बरोबर देऊन दोन-तीन तास सोडतात, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. फोन समोरच्या टेबलावर होता. मी म्हटलं, "कुणी नाही."

तुला बेड्यांत बघून तिला धक्का बसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती सबब आहे. खरं काय ते सांगते. दोन वर्षं तिला उठवली मी, बसवली मी, तिची पाठ पुसली मी, आणि डोळे उघडल्यावर ती म्हणाली, "धाकट्याला कळवलंस?" मला राग आला रे. मरायला टेकलेल्या आईचा मला राग आला. म्हटलं, "हो, निघालाय."

मग तिने चष्मा मागितला. मीच करून दिलेला, जाड काचांचा, स्क्रीनवरची तोंडं दिसावीत म्हणून. तो लावून दाराकडे बघत राहिली. कुणी आलं की मान उचलायची. नर्स आली, झाडूवाली आली, पलीकडच्या पेशंटचा जावई दोनदा आला. तीन तास हे चाललं. मध्येच म्हणाली, "बाराच्या आत लांब्याला वर घे हं, नाहीतर पोरगं हातचं जाईल." मी त्यालाही हो म्हटलं.

तुझ्या पत्रांत नुसती टीम असायची. मी चिडायचे, "तुझी एका शब्दाने चौकशी नाही." ती म्हणायची, "अगं, माझं विचारायची त्याला लाज वाटते. टीमचं विचारतो म्हणजे घराचंच विचारतो." हे मी तुला कधी कळवलं नाही. तेही दाबून ठेवलं.

परवा लांब्याला शोधून काढला. दुसऱ्या एका टीमने उचललाय, आणि पहिल्याच मॅचमध्ये त्याने एकही गोल होऊ दिला नाही. हे सांगायला घरात कुणी नाही, म्हणून तुला सांगते. दर आठवड्याची तीन पोरं अजून येतात. चार आठवडे झाले, मी एकालाही घेतलेलं नाही. मला तोंडं बघून काही कळत नाही.

सुटशील त्या दिवशी मी फाटकापाशी उभी असेन. तू माझ्याकडे न बघता पुढे निघून गेलास, तरी मला बोलायला तोंड नाही.

मागच्या पत्राखाली आईचे आशीर्वाद होते, ते माझ्या मनाने लिहिले होते. तेव्हा तिला जाऊन दहा दिवस झाले होते. या पत्राखाली ते नाहीत.

ताई