अंगातली उष्णता आणि मुतखडा

१४ एप्रिल १९५७, पिंपरी
डाव्या कुशीत कळ. डॉक्टरांनी मुतखडा सांगितला. भरपूर पाणी प्या म्हणाले. तरुण आहेत, शिकतील. मी सोलापूरच्या गिरणीपासून बॉयलरवर आहे. पाणी तापलं की आत क्षाराचा थर धरतो, हे मला ठाऊक. देह म्हणजे बॉयलरच. तेव्हा अंग थंड ठेवायचं आणि पोटात पाणी कमी सोडायचं. पाणीच नाही तर थर कशाचा धरेल?

१५ एप्रिल
थर्मामीटर आणला. ९८.४. जास्त वाटतं. ९७ वर आणणार.

१८ एप्रिल
कपाळाला चंदन, डोक्यावर ओला पंचा. सौ. म्हणाली, पाणी प्यायचं सोडून डोक्यावर काय ओतताय. कुळथाचं कढण केलं होतं तिनं. कुळीथ उष्ण. शेजारच्या कुत्र्याला घातलं.

२१ एप्रिल
गार पाण्याची चूळ भरली, लगेच थर्मामीटर लावला. ९७! चूळ थुंकली, गिळली नाही. प्रगती आहे.

२६ एप्रिल
भट्टीपाशी घामाच्या धारा. उष्णता बाहेर पडतेय, उत्तम. लघवी फारच थोडी, गडद. म्हणजे आतलं काम आटोपत आलं.
निघोज्याचा चिमाजी माझ्या हाताखाली कोळसा टाकतो. त्याला आज झापलं. बॉयलरातलं पाणी खुणेच्या खाली गेलं होतं. म्हटलं, कोरड्या बॉयलरचा भरवसा नसतो, कधीही दगा देईल. तो माझ्या फुटलेल्या ओठांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय, दौलतराव." गरीब स्वभावाचा आहे.

१ मे
उद्या कारखान्यात बॉयलर इन्स्पेक्टर येणार. तपासणी नीट झाली तर मला मुख्य करू, असं साहेब म्हणाले. सौ. म्हणाली, तोंड सुकलंय, निदान आज तरी प्या. ऐन वेळी शिस्त मोडणं बरं नव्हे.

३ मे, इस्पितळ
काल साहेबांनी इन्स्पेक्टरांना आणलं. मी माहिती सांगायला तोंड उघडलं आणि कळ आली. कोळशाच्या ढिगावरच आडवा झालो. गुरासारखा ओरडलो म्हणतात. इन्स्पेक्टरांनी विचारलं, हाच का तुमचा बॉयलरवाला? साहेब हो म्हणाले, पण जरा उशिरानं.

४ मे
आता दोन खडे आहेत. डॉक्टरांना विचारलं, उष्णतेमुळेच ना? म्हणाले, उष्णतेनं घाम जातो, पाणी आटतं, लघवी दाट होते, मग खडा धरतो. अंग थंड करून काही होत नाही, पाणी प्यावं लागतं. म्हणजे निम्मा सिद्धांत माझाच बरोबर होता. हे सौ.ला सांगणार होतो.
ती उशाशी तांब्या घेऊन बसली आहे. डोळे सुजलेत. फुलपात्र भरून पुढे केलं. प्यालो. तिनं पुन्हा भरलं.