कुत्रीचा बिल्ला

अण्णा, घरी कुत्रं आणायचं म्हणून आज एक फॉर्म भरायला बसले. बेवारस प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेचा आहे. नसबंदी करून घेईन, गळ्यात पट्टा ठेवीन, अशा सगळ्या अटींवर सह्या केल्या. शेवटी विचारलंय, याआधी पाळलेल्या प्राण्याचं काय झालं? साठीला आले मी, पण तिथे पेन थांबलं.

पिंपरीच्या आपल्या कॉलनीत नियम निघाला होता: कुत्री ठेवायची तर ऑपरेशन करून आणा आणि नगरपालिकेचा बिल्ला गळ्यात बांधा. तुम्ही कंपनीत रजा टाकून आपल्या कुत्रीला सायकलवरून गुरांच्या दवाखान्यात नेलंत. परत आली ती पोटाला टाके आणि गळ्यात पितळी बिल्ला घेऊन. ते आणीबाणीचे दिवस. माणसांना नसबंदीसाठी धरून नेतात, कुणाला एस्टीतून उतरवलं, कुणाला बाजारातून उचललं, हे मोठ्यांचं बोलणं रोज कानावर यायचं. शेजारचे काका दारात बसून तुम्हाला म्हणाले, "कुत्रीचं उरकलं, राव. आता तुमचा नंबर. तुमालाबी बिल्ला भेटंल." तुम्ही म्हणालात, "तुम्ही थोरले. आधी तुमचा मान." दोघं हसलात. आत मी जेवत होते. ताट तसंच ठेवून मी उठले.

काही दिवसांनी कुत्री पकडायची जाळीची गाडी कॉलनीत शिरते. तुम्ही पहिल्या पाळीला, आई नळावर. मला वाटतं, ज्या घरी बिल्ला दिसेल तिथल्या माणसाला आता नेणार. मी कुत्रीच्या गळ्यातला पट्टा काढून बिल्ल्यासकट दप्तरात कोंबते. ती शेपटी हलवत माझ्यामागून दाराबाहेर येते. बिनबिल्ल्याची म्हणून तिलाच उचलतात.

पाळी सुटल्यावर तुम्ही तसेच कोंडवाड्यावर गेलात. "दवाखान्याचा कागद चालत नाही म्हणतात. बिल्ला दाखवा, कुत्री न्या. तीनच दिवस ठेवतात," तुम्ही आईला सांगितलंत. "पट्टा मीच सैल बांधला असंल." मग माझ्याकडे वळलात. "तू पाहिलास का गं?" मी नाही म्हणाले. बिल्ला घेऊन तुम्ही त्या कचेरीत शिरलात की बाहेर येणार नाही, एवढंच मला दिसत होतं. तीन दिवस मी दप्तर उशाशी घेऊन झोपले. चौथ्या दिवशी तुम्ही एकटेच परत आलात आणि सायकल भिंतीला टेकवलीत.

पुढे कुणाच्याही कुत्र्याचा पट्टा दिसला की तुम्ही त्यात दोन बोटं घालून तपासायचात, सैल तर नाही ना. शेवटपर्यंत. मी शेजारी उभी असायचे.

फॉर्मवर आधी "हरवली" लिहिलं, मग खोडून "माझ्यामुळे गेली" असं लिहिलं. आता कुत्रं देतील की नाही, ठाऊक नाही. हे पत्र बिल्ल्यापाशीच ठेवते, कपाटात. अनोळखी माणसांना लिहून दिलं, अण्णा, पण तुम्ही समोर बसून विचारलंत, तर मी आजही नाहीच म्हणेन.