ती कैलासवासी नाही

वैशाली नगर, भिलाई

प्रिय उन्नती,

टक्, टक्, टक्. टेबलावर लाकडी पट्टीचा ठेका आणि त्या ठेक्यावर वर्गभर पोरांच्या गळ्यातून उसळणारी कविता. सेक्टर सहामधल्या त्या शाळेची मागची खिडकी रस्त्याकडे उघडायची. फर्स्ट शिफ्ट सुटली की स्टील प्लांटच्या रेल मिलमधून सायकल हाणत मी नेमका मराठीच्या तासाला तिथं पोचायचो आणि चेन उतरल्याचं नाटक करून खाली बसायचो. मॅट्रिकनंतर माझी शाळा सुटली होती, कविता सुटली नव्हती. एक दिवस पट्टी थांबली आणि खिडकीतून आवाज आला, "अहो, तुमची चेन रोज याच कवितेला कशी उतरते?" ती तुझी आजी. रिबेका साळवे, मूळची अचलपूरची, मराठीची बाई.

हे आज आठवायचं कारण तुला ठाऊक आहे. तुझा बाबा तुझ्या लग्नाच्या कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे वाटायला ठेवून गेला. सोनेरी अक्षरं, वर गणपती, छान आहे. खाली लिहिलंय, 'श्री. हेमराज व कै. सौ. राधाबाई कापगते यांची नात'. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. या घरात राधाबाई नावाची बाई कधी राहिलीच नाही. तुझ्या बाबाला, धनंजयला, विचारलं तर म्हणतो, "बाबा, तुम्ही बाहेरचं वातावरण पाहून नाही राहिले का? राजनांदगावचे सोयरे जुन्या वळणाचे. आजी टीचर होती, वारली, एवढंच सांगितलं आहे त्यांना. आता भर लग्नात चर्चा कावून पाहिजे?" आणि तू फोनवर, "आजोबा, छोड़ो ना! एक नावच तर आहे. आजीनं तर माफ करून टाकलं असतं."

केलं असतं, बाळा. माफ करणं हा तिचा धर्म होता. माझा नाही.

राधा हे नाव कुठून आलं ते तरी तुला माहीत आहे का? आमचं लग्न कचेरीत झालं, पण माझ्या आईला, मनकर्णाबाईला, घरी काहीतरी हवंच होतं. तिनं ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि कानाशी म्हणाली, "राधा लिव." सुनेचं नाव बदलायचं, ही रीतच. सारे नातेवाईक साकोलीहून आलेले, ताटावर वाकलेले. मी अंगठीनं तांदळात लिहिलं, रिबेका. मामा उठून गेला. आईला अक्षरं लागत नव्हती, तरी तिनं ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "राधापेक्षा लंबं दिसते." मग स्वतःच हसली. पुढं ती म्हातारी मरेपर्यंत सुनेला 'रिबका, ओ रिबका' करत आवाज द्यायची. जे नाव माझ्या निरक्षर आईनं सोडून दिलं, ते माझ्या इंजिनिअर पोरानं उचलून आणलं.

आणि ते 'कै.'! कैलासाशी माझं काही वैर नाही. पण ती तिथं गेलेली नाही. तिनं आयुष्यभर आपला पुढचा पत्ता वेगळा सांगितला होता. लिहायचंच असेल तर ख्रिस्तवासी लिहा, तिच्या दगडावर लिहिलंय तसं.

दर रविवारी मी तिला स्कूटरवर चर्चला सोडायचो आणि बाहेर कडुलिंबाखाली बसायचो. आतून पेटी वाजायची, मराठी भजनं यायची, टाळ्यांसकट. ती मला कधी आत ये म्हणाली नाही, मी तिला कधी कुंकू लाव म्हणालो नाही. जेवणाआधीची तिची प्रार्थना मात्र वरण निवेपर्यंत चालायची. वर्गातली नापास पोरं, शेजारच्या हर्षाची कंबर, ब्लास्ट फर्नेसवर नाइट शिफ्टला गेलेले, सगळे तिच्या देवापुढं हजर. मी डोळे मिटून भुकेला बसायचो आणि मनात म्हणायचो, आता पलीकडच्या कोहका वस्तीची गल्ली राहिली, ती झाली की आमेन.

भित्री ती कधीच नव्हती. एकदा कोणी मोठा पाहुणा यायचा होता, तर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तेवढा गळ्यातला क्रूस आजच्या दिवस आत ठेवा." तिनं खडू त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाली, "सर, मग आजच्या दिवस तासही तुम्हीच घ्या." पाहुणा आला तेव्हा क्रूस जागेवर होता आणि पोरं बेंबीच्या देठापासून कविता म्हणत होती.

तू या घरात पहिलं अक्षर गिरवलंस तिच्या मांडीवर. मराठी वाचायला शिकलीस ती तिच्या स्तोत्रांवर आणि माझ्या कवितांवर. दूध पिऊन तू झोपायचीस तेव्हा ती तुझ्या कपाळावर हात ठेवून काय पुटपुटायची, ते तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगणार नाही. पण तो हात राधाबाईचा नव्हता.

म्हणून आता ऐक. तुझ्या घरून फोन यायच्या आत तुला माझ्याकडून कळावं, यासाठीच हे पत्र. गठ्ठ्यातल्या प्रत्येक कार्डावर मी राधाबाई खोडून माझ्या शाईपेनानं लिहिलंय, ख्रिस्तवासी रिबेका. आणि पहिलं कार्ड परवाच कुरिअरनं तुझ्या सासरी, राजनांदगावला, पाठवून दिलंय. लग्न मोडलं तर खापर माझ्यावर फोड. तो मुलगा चांगला आहे, मला आवडला, पण तो कोणाच्या नातीला नेतोय हे त्याला ठाऊक असू दे. तुला राधाबाईच हवी असेल तर तसं कळव. मी इथूनच आशीर्वाद देईन, मांडवात येणार नाही.

थांब, फाटक वाजतंय.

उन्नती, ऑटोतून कोण उतरलं सांगू? साखरपुड्यात पदर ओढून कोपऱ्यात बसलेली, एक शब्द न बोललेली तुझी आजेसासू. एकटी. हातात माझं कार्ड. मी शर्टाची बटणं लावत पुढं झालो, वाटलं आता ऐकावं लागणार. तर फाटकातूनच व्याह्याला हाक मारत म्हणाली, "ओ इवाई! घरात सकाळपासून बोंबाबोंब चालू आहे, तिचं मी पाहून घेतो. आधी हे सांगा, माह्या नातवाचं लगन आन् कार्डावर माहा मेलेला नवरा बाबाराव आहे, जित्ती म्हातारी कावून नाही? तुमच्या बायकोचं लिवलं त्याच पेनानं माहं बी लिवून द्या. अन्नपूर्णा. सगळ्या कार्डांवर."

ती ओट्यावर बसून पाणी पितेय. मी पेनात शाई भरतोय.

तुझाच,
रिबेकाचा हेमराज, म्हणजे आजोबा